फिल्म आणि व्हिडिओ : एका घरातल्या दोन जावा



ज्या शाळेत बाकावर उभे राहण्याचा प्रसंग माझ्यावर वरचेवर येत असे, त्या शाळेने आज मला व्यासपीठावर उभे केले आहे. ही बढती मोठी आहे आणि मी तिला पात्र आहे की नाही, हे ठरवणारे सर आता नाहीत. त्यांच्याच स्मृतीसाठी हे व्याख्यान आहे. सर चित्रकला शिकवीत, आणि मी चित्रकलेत कच्चा होतो. तरी त्यांच्या वर्गातून बाहेर पडून मी हलत्या चित्रांच्या धंद्यात शिरलो आणि उभे आयुष्य संकलकाच्या खुर्चीत काढले. अर्धी वर्षे फिल्म कापली, अर्धी वर्षे व्हिडिओ. म्हणून या दोहोंविषयी बोलण्याचा थोडाफार अधिकार मला आहे, असे मी धरून चालतो.

बडोद्यात हा विषय मांडताना एका विद्यार्थ्याची आठवण प्रथम केली पाहिजे. सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने आणि त्रिभुवनदास गज्जर यांच्या पुढाकाराने १८९० साली येथे कलाभवन सुरू झाले. त्याच्या आरंभीच्या विद्यार्थ्यांत धुंडिराज गोविंद फाळके होते. छायाचित्रणाचे धडे त्यांनी येथे गिरवले. पुढे काही काळ ते राजा रविवर्म्याच्या छापखान्याच्या कामातही होते. लक्ष्मीविलास राजवाड्यासाठी रविवर्म्याने काढलेली पौराणिक चित्रे प्रत्यक्ष पाहणारे मूठभर होते. त्याच्या देवदेवता मात्र ओलिओग्राफच्या रूपाने घराघराच्या भिंतीवर लागल्या. मूळ चित्र आणि त्याची छापील प्रत यांमधले अंतर फाळक्यांनी छापखान्यात जवळून पाहिले असणार. या अंतराकडे मी नंतर परत येईन.

'राजा हरिश्चंद्र' १९१३ सालचा, हे शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. त्याआधी, १९१२ साली, फाळक्यांनी एक छोटी फिल्म केली होती, 'अंकुराची वाढ'. कुंडीत वाटाणा पेरला आणि ठरावीक अंतराने एकेक चौकट टिपत ते रोप वाढताना दाखवले. भांडवल घालणाऱ्याची खात्री पटावी म्हणून केलेला हा खटाटोप होता. पण फिल्म म्हणजे काय याचा इतका नेमका पाठ मला दुसरीकडे कोठे मिळाला नाही. फिल्म काळ ओतून घेत नाही, वेचून घेते. सेकंदाला चोवीस स्थिर चित्रे, प्रत्येक वेगळे, आणि दोन चित्रांच्या मधे काळोख. चित्रपटगृहात पट्टी पुढे सरकत असताना प्रक्षेपकाची झडप प्रकाश अडवते. म्हणजे तीन तासांच्या चित्रपटात जवळजवळ निम्मा वेळ आपण अंधाराकडे पाहत असतो आणि तरी तिकिटाचे पूर्ण पैसे देतो.

व्हिडिओचे कूळ वेगळे. फिल्म ही छायाचित्राची, म्हणजे रसायनशास्त्राची लेक. चांदीचे क्षार, अंधारी खोली, धुलाई हे तिचे माहेर. व्हिडिओ आली विजेच्या घरातून. तिची नाती रेडिओशी, तारायंत्राशी, आवाज टिपणाऱ्या चुंबकीय फितीशी. अँपेक्स कंपनीने १९५६ साली चित्र नोंदवणारे यंत्र बाजारात आणले, तेव्हा त्यामागे कोणतीही कलादृष्टी नव्हती. दूरचित्रवाणीचा कार्यक्रम काही तासांनी पुन्हा दाखवता यावा, एवढीच त्या धंद्याची गरज होती. म्हणून या दोघींना सख्ख्या बहिणी म्हणणे मला पटत नाही. त्या जावा आहेत. दोन वेगळ्या घरांतून आल्या आणि एका चुलीपाशी उभ्या राहिल्या. मग पुढे जे होते ते आपल्या सर्वांच्या घरांत झालेले आहे.

जुन्या काचनळीच्या दूरदर्शन संचावर चित्र कसे उमटे, ते क्षणभर आठवा. ६२५ रेषा, आधी विषम, मग सम, असे सेकंदाला पंचवीस वेळा. कोणत्याही एका क्षणी पडद्यावर पूर्ण चित्र नसेच. धावणारा एक प्रकाशबिंदू असे आणि त्याच्या मागे विझत जाणारा माग. बाकीचे चित्र पाहणाऱ्याच्या डोळ्यात तयार होई. फिल्मची पट्टी खिडकीशी धरली तर आजीचा चेहरा दिसतो. व्हिडिओची फीत खिडकीशी धरली तर तपकिरी रंगाची पट्टी दिसते, बाकी काही नाही. यंत्राशिवाय ती मुकी आणि आंधळी. हे वाक्य मी संकलन शिकणाऱ्या मुलांना सांगत असे आणि ती हसत. त्याचा अर्थ मला स्वतःला फार उशिरा कळला.

दोघींचा पहिला खटका उडाला तो चित्रपट दूरदर्शनवर आणि पुढे व्हीसीआरवर आले तेव्हा. चोवीस चौकटींचा चित्रपट पंचवीसच्या यंत्रावर बसवायचा, तर सोपा उपाय म्हणजे तो थोडा वेगाने चालवायचा. दीडशे मिनिटांचा चित्रपट एकशे चव्वेचाळीस मिनिटांत संपे. सहा मिनिटे कोठे गेली, असे कोणी विचारले नाही. पण वेग वाढला की सूरही चढतो. पांढरी एकमधले गाणे काळी एकच्या उंबऱ्याशी जाऊन बसे. आमच्या घरी पेटी वाजवणारे एक काका होते. चित्रहारबरोबर पेटी जुळवताना ते नेहमी पेटीलाच दोष देत.

त्याहून मोठा अन्याय चौकटीचा. गुरुदत्तचा 'कागज़ के फूल' (१९५९) हा सिनेमास्कोपमधला पहिला हिंदी चित्रपट. त्यातला तो प्रकाशझोत व्ही. के. मूर्ती यांनी आरशांनी सूर्यप्रकाश वळवून स्टुडिओत आणला होता. २००८ सालचा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना मिळाला. माझ्या पिढीतल्या किती जणांनी तो झोत प्रथम कॅसेटवर पाहिला! रुंद पडदा चौकोनी संचात बसवण्यासाठी चित्राच्या बाजू छाटत. हिशेब केला तर शंभरातले चाळीसहून अधिक भाग चित्र गळून पडते. राहिलेल्या भागातला काळोख राखाडी होतो, आणि उजेड व काळोख यांच्यामधल्या ज्या असंख्य पायऱ्या मूर्तींनी रचल्या होत्या त्यांतल्या चार-पाचच शिल्लक उरतात. प्रेक्षक म्हणतो, चित्रपट चांगला आहे, पण फार गाजावाजा झाला असावा.

यावरून आमच्या धंद्यातल्या जुन्या मंडळींनी निकाल देऊन टाकला की व्हिडिओ हे हलके माध्यम. हा निकाल मीही बरीच वर्षे मिरवला. रविवर्म्याचा ओलिओग्राफ पाहून छापण्याची कलाच हलकी, असे म्हणण्यासारखे ते होते. प्रत ही प्रत असते. व्हिडिओने स्वतः काय केले, ते वेगळे पाहायला हवे.

ते पाहण्यासाठी आपल्याला फार दूर जावे लागत नव्हते. शेजारच्या खेडा जिल्ह्यात पीज या गावी १९७५ साली इस्रोच्या अहमदाबाद केंद्राने दूरचित्रवाणीचा एक प्रयोग सुरू केला. तो दहा वर्षे चालला. शेतमजूर, गवळी, सावकार, वेठ, अस्पृश्यता हे त्यातले विषय. भाषा चरोतरची. पात्रे गावातली. राजधानीतून सर्व देशासाठी सुटणाऱ्या कार्यक्रमांच्या काळात एका जिल्ह्याचे स्वतःचे दूरदर्शन होते, आणि १९८४ साली युनेस्कोच्या ग्रामीण संज्ञापनाच्या पुरस्काराने त्याची दखल घेतली. त्याच सुमारास आम्ही पुण्याला पस्तीस मिलिमीटरच्या गोष्टी करीत होतो. आणंदहून बडोद्याला येणारी गाडी पकडून मी कैक वेळा त्या भागातून गेलो, पण पीजला एकदाही उतरलो नाही. याची मला लाज वाटते.

व्हिडिओची पहिली शक्ती ही, की ती ताबडतोब दिसते. फिल्म धुवून येईपर्यंत दिवस जात. नटाने काय केले ते कॅमेरामन छातीवर हात ठेवून सांगे, पण त्यालाही खात्री नसे. व्हिडिओत माणूस स्वतःला त्याच क्षणी पाहतो. नाम जून पाइक या कोरियन कलावंताने १९७४ साली बुद्धाची एक मूर्ती दूरदर्शन संचासमोर बसवली आणि संचामागून तिच्यावर कॅमेरा रोखला. बुद्ध स्वतःचे चित्र पाहत बसला आहे, बस्स, इतकेच. ध्यान की आत्मरती? पाहणाऱ्याने ठरवावे. हे काम फिल्मवर होऊच शकत नाही, कारण फिल्म नेहमी झालेल्या गोष्टीची असते.

दुसरी शक्ती दम धरण्याची. पस्तीस मिलिमीटरचे हजार फुटांचे रीळ अकरा मिनिटांत संपते. आल्फ्रेड हिचकॉकने 'रोप' (१९४८) अखंड वाटावा म्हणून कोणाच्या कोटाच्या पाठीवर, कोणत्या पेटीच्या झाकणावर कॅमेरा नेऊन रीळ बदलले, ते पाहताना आजही गंमत वाटते. अलेक्सांद्र सोकुरोव यांनी 'रशियन आर्क' २३ डिसेंबर २००१ या एका दिवशी पीटर्सबर्गच्या हर्मिटाज राजवाड्यात एका सलग चित्रणात पुरा केला. दीड तासाहून जास्त वेळ, एकही काप नाही, आणि चित्र फितीवर वा पट्टीवर न उतरवता थेट चकतीवर. आधीचे तीन प्रयत्न मध्येच फसले होते. संकलक म्हणून हा चित्रपट पाहताना मला आपली नोकरी गेल्यासारखे वाटले.

पण दम म्हणजे केवळ लांब चित्रण नव्हे. ११ जुलै १९९७ रोजी मुंबईच्या रमाबाई नगरात गोळीबार झाला. त्यानंतर शाहीर विलास घोगरे यांनी आपले जीवन संपवले. आनंद पटवर्धन यांनी तेथून सुरुवात करून 'जय भीम कॉम्रेड' २०११ साली पुरा केला. मध्ये चौदा वर्षे गेली. तीन तासांहून मोठ्या या चित्रपटात शाहीर म्हातारे होतात, पोरे मोठी होतात, खटला रेंगाळतो, माणसे बाजू बदलतात. फिल्मच्या भावात हे कोणाला परवडले असते? आणि परवडले असते तरी पाहुण्याच्या घरी चौदा वर्षे बसून राहण्याची रीत फिल्मजवळ नव्हती. तिच्याबरोबर दिवे येत, ट्रॉली येई, दहा माणसे येत. व्हिडिओ एका खांद्यावर आली आणि चटईवर बसली.

आता उलट बाजू. बिल व्हायोला हा व्हिडिओचा म्हणून जगभर नावाजलेला कलावंत. १९९५ साली त्याने 'द ग्रीटिंग' नावाचे काम केले. पोंटोर्मो या इटालियन चित्रकाराच्या एका भेटीच्या चित्रावरून ते सुचलेले. रस्त्यात उभ्या दोन स्त्रिया, तिसरी येते, मिठी मारते, कानात काही सांगते. घटना पाऊण मिनिटाची. पडद्यावर ती दहा मिनिटे चालते, पदराचा एकेक सळ हलताना दिसतो. हे त्याने चित्रित केले पस्तीस मिलिमीटर फिल्मवर, सेकंदाला तीनशे चौकटींच्या वेगाने, आणि मग व्हिडिओवर उतरवले. व्हिडिओच्या कलावंताला काळ ताणायचा होता तेव्हा तो जावेच्या दारी उसने मागायला गेला. जावा-जावांचे संबंध बाहेरच्यांना वाटतात तितके वाईट नसतात.

संकलनाच्या मेजावरचा अनुभव तर सर्वस्वी उफराटा होता. फिल्म महाग आणि अवघड, व्हिडिओ स्वस्त आणि सोपी, अशी समजूत. पण फिल्मचा तुकडा मी मध्येच कापून काढू शके आणि पुढचे मागचे चिकटवू शके. टेप कापायची नसते. एका यंत्रावरून दुसऱ्यावर नकलावी लागते. अर्धा तासाचा कार्यक्रम तयार झाल्यावर पाचव्या मिनिटाला निर्मात्याला दोन सेकंद कमी हवेसे वाटले, की पुढची पंचवीस मिनिटे पुन्हा उतरवा, किंवा नकलेची नक्कल करा आणि चित्र आणखी पुसट करा. म्हणून टेपवर आम्ही आधी कागदावर विचार करू लागलो आणि फिल्मवर हातांनी. संगणक आला तेव्हा त्याने सोय फिल्मची दिली आणि पोत व्हिडिओचा.

आता ज्यासाठी मी ही सगळी प्रस्तावना केली, ते सांगतो.

१९७४ साली मी पुण्याच्या इन्स्टिट्यूटमध्ये शिकत होतो. मे महिन्यात परीक्षा चालू असताना बडोद्याला आलो. बरोबर सोळा मिलिमीटरचा बोलेक्स कॅमेरा उसना आणला होता आणि काळ्या-पांढऱ्या फिल्मचे शंभर फुटांचे एकच रीळ. शंभर फूट म्हणजे चार हजार चौकटी, म्हणजे पावणेतीन मिनिटे. त्या कॅमेऱ्याला किल्ली द्यावी लागते आणि एका किल्लीत तो अठ्ठावीस सेकंद चालतो. सर फळ्यावर खडूने, कंपासाशिवाय, एका झटक्यात वर्तुळ काढीत, ते मला टिपायचे होते. सरांनी विचारले, "किती वेळ चालेल हे?" मी म्हणालो, "अठ्ठावीस सेकंद, सर." ते म्हणाले, "मग चुकून चालायचे नाही." त्यांनी हात धुतले, बाही दुमडली, फळा ओल्या फडक्याने पुसला, तो वाळेपर्यंत थांबले. मग वर्तुळ काढले. ते जसे हवे तसे आले.

१९८८ साली मी व्हीएचएस कॅमेरा घेऊन पुन्हा आलो. सर निवृत्तीला आले होते. त्यांचा एक पूर्ण तास टिपायचा, असे ठरवले. त्यांनी पुन्हा तोच प्रश्न केला. मी कॅसेट दाखवून म्हणालो, "तीन तास." सर हसले. "मग घाई नाही," म्हणाले, आणि दहाव्या मिनिटाला कॅमेरा विसरून गेले. मुलांवर चिडले, नंतर एका मुलीच्या रंगसंगतीची भरवर्गात वाखाणणी केली. वर्तुळ काढले, ते चुकले. पुसले, पुन्हा काढले, तेही मनासारखे आले नाही. मुलांकडे वळून म्हणाले, हात म्हातारा झाला. तिसरे काढायला गेले आणि कोणीतरी कागदावर पाणी सांडल्यामुळे ते राहूनच गेले. मी चहाला बाहेर गेलो आणि कॅमेरा तिपाईवर चालू राहिला.

या कॅसेटचे काय झाले? मी तिच्यावर लेबल लावले नाही. व्हीएचएस कॅसेटच्या पाठीवर प्लास्टिकची एक छोटी पट्टी असते, ती मोडली की वर पुन्हा काही नोंदवता येत नाही. ती मी मोडली नाही. माझा धंदाच हा, तरी मोडली नाही. १९८९ च्या एका रविवारी घरात 'महाभारत' होते आणि बाहेरगावी गेलेल्या मेव्हण्यांसाठी तो भाग नोंदवून ठेवायचा होता. कपाटातली हाताला लागली ती कॅसेट मीच यंत्रात घातली. घरातल्या कोणावर हा आळ मी येऊ देणार नाही. कोऱ्या कॅसेटची वीस-पंचवीस पावले चालून जाण्याइतकी दुकाने जवळ होती.

मी एकटाच असा नाही, हे समाधान नव्हे, पण माहितीसाठी सांगतो. बीबीसीने १९६० च्या दशकातल्या आपल्या कार्यक्रमांच्या महागड्या टेपा पुसून पुन्हा वापरल्या. 'डॉक्टर हू' या मालिकेचे जे जुने भाग आज पाहायला मिळतात, त्यांतले कितीतरी परदेशी विक्रीसाठी काढलेल्या सोळा मिलिमीटरच्या फिल्म-प्रतींमुळे वाचले. धाकट्या जावेचे दागिने थोरलीच्या पेटीत सापडले म्हणायचे. थोरलीची पेटीही अभेद्य नाही. ८ जानेवारी २००३ रोजी पुण्यात प्रभातच्या जुन्या कोठाराला आग लागली आणि नायट्रेटवरच्या कितीतरी फिल्म राख झाल्या. पण फिल्म नष्ट होते ती जळून, सडून, आंबूस वास सोडत; तिचा मृत्यू दिसतो. टेपवरचे चित्र मात्र कॅसेट जशीच्या तशी असताना नाहीसे होते.

फूजी कंपनीने २०१३ साली चित्रपटासाठी चित्रीकरणाची फिल्म करणे थांबवले. फुनाई या जपानी कंपनीने २०१६ साली व्हीसीआर करणे थांबवले. आज चित्रपटगृहातही चकतीवरूनच चित्र पडते आणि प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. तेव्हा हे भांडण जुने झाले, असे तरुण मित्र म्हणतात. साधनांपुरते ते खरे आहे. पण 'चुकून चालायचे नाही' आणि 'घाई नाही' ही पाहण्याची दोन वळणे आहेत, आणि फोनवर चित्रण करणारा मुलगा बटण दाबताना त्यांतले कोणते तरी एक निवडतोच, त्याला ठाऊक असो वा नसो. दुसरे वळण आज इतके सोपे झाले आहे की त्यातला दम निघून गेला आहे, अशी माझी तक्रार आहे. नातवंडांना ती मान्य नाही.

सरांचे कोणते चित्र खरे, असे मला कोणी विचारले तर मी फार काळ 'फिल्म' असे उत्तर दिले असते. आता देत नाही. 'महाभारता'चा भाग पाऊण तासाचा होता आणि सरांचा तास त्याहून लांबला होता. त्यामुळे शेवटची सात मिनिटे कॅसेटवर राहून गेली. ती मला २०१४ साली, कॅसेटींना बुरशी लागली म्हणून झाडाझडती घेताना सापडली. घंटा झाली आहे, मुले पळाली आहेत. सर स्वतः फळा पुसत आहेत, मॉनिटरला ते कधी पुसू देत नसत. मग छत्री शोधतात. खिडकीशी जाऊन बराच वेळ उभे राहतात. एक मुलगा परत येऊन काही विचारतो, सर काही सांगतात, ते पंख्याच्या आवाजात ऐकू येत नाही. असे सात मिनिटांचे चित्रण फिल्मवर कोणीही केले नसते, मी तर नाहीच.

त्या वर्गातला तो मुलगा आज चाळिशी ओलांडून गेला असेल. तो या सभागृहात असेल, किंवा ही पुस्तिका त्याच्या हाती पडेल, तर सरांनी काय सांगितले ते त्याने शाळेला कळवावे. आणि ज्यांच्या माळ्यावर शाळेच्या स्नेहसंमेलनांच्या कॅसेटी असतील त्यांनी त्या यंत्रात घालून पाहू नयेत. बुरशी असल्यास फीत आणि यंत्र दोन्ही बिघडतात. तशाच आणून द्याव्यात. उतरवून घेण्याची व्यवस्था माजी विद्यार्थी मंडळाने केली आहे, आणि चालणारी यंत्रे दिवसेंदिवस कमी होत आहेत.

मागे सोळा मिलिमीटरचा प्रक्षेपक लावून ठेवला आहे. प्रथम पावणेतीन मिनिटांचे रीळ दाखवू, ते मुके आहे. नंतर ती सात मिनिटे. तिच्या आरंभी क्षणभर एका मालिकेची श्रेयनामावली सरकताना दिसेल, ती आमची नव्हे. कृपया दिवे मालवावेत.